मावशींचा चहा

वाडीच्या गोदामांमागे एका मावशींची विहीर होती. शेजारच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली डिझेलची टाकी गळत होती, म्हणून दर महिन्याला मी त्या विहिरीच्या पाण्याचा नमुना तपासणीसाठी बाटलीत भरून न्यायचो. "हे पाणी पिऊ नका," असं दर वेळी बजावायचो. मावशी कशालाच नाही म्हणायच्या नाहीत. "हो जी भाऊ," म्हणत चहा टाकायच्या आणि मी पहिला घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. चहाला रॉकेलचा वास यायचा. तो स्टोव्हचा असेल, असं मी धरून चाललो होतो.

एकदा जरा लवकर पोचलो. मावशींनी विहिरीतून बादली काढली होती. पाण्यावरचा तवंग त्या कापसाच्या बोळ्यानं टिपत होत्या आणि बोळा चिमणीच्या दिव्यात पिळत होत्या. मग त्याच बादलीतलं पाणी त्यांनी चहाच्या पातेल्यात ओतलं.

मी ओरडलोच, "मावशी, मी दर वेळी काय सांगतो तुम्हाला?"

"सांगता तं खरं," त्या हसून म्हणाल्या, "पण पेता बी तं तुम्हीच! भाऊ पेऊन राहिले म्हणजे पाणी चांगलंच हाय, असं म्या साऱ्या मोहल्ल्याले सांगतलं."