हृदयवाला डबा

माझी मावशी रागावली की भांडी आपटत नाही. भांडी फार हळू ठेवते. ताटली ओट्यावर टेकली तरी आवाज येत नाही, तेव्हा घरातल्या शहाण्या माणसाने चपला शोधायला लागावं. काका, म्हणजे मावशीचे यजमान, एकदा तर चपला न शोधताच बाहेर पडले होते. ही गोष्ट त्या दिवसाची.

मावशी तेलाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. एकोणीस वर्षं. भरलेले पाच लिटरचे डबे पट्ट्यावरून डुलत येतात, आणि मावशी त्यांना लेबल लावते. लेबल लावायचं यंत्रही आणून पाहिलं होतं कारखान्याने, पण डब्याच्या गोलाईवर ते सुरकुत्या पाडायचं. मावशीचा तळहात एकदाच फिरतो आणि कागद डब्याच्या अंगचाच होऊन बसतो. यंत्र कोपऱ्यात धूळ खातंय. मावशी जाता-येता त्याच्याकडे सवतीकडे बघावं तसं बघते.

लेबलं दोन. सकाळी पिवळं, त्यावर नुसतं तेलाचं नाव. जेवणाच्या सुट्टीनंतर लाल. त्यावर तेच नाव, शेजारी हे एवढं गुबगुबीत हृदय आणि खाली ‘कोलेस्टेरॉल अजिबात नाही’. लाल डबा महाग. मधल्या सुट्टीत बदलायचा तो फक्त लेबलांचा रोल. टाकी तीच, नळी तीच, टाकीत तेल ओतून गेलेला टँकरही तोच. पॅकिंगच्या बायकांना यात काही विशेष वाटायचं नाही. “चला गं,” डबे पुसत कुणीतरी म्हणायची, “तेलाला हृदय फुटायची वेळ झाली.” सगळ्या हसायच्या. मावशीही हसायची. हे हसणं तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

काका पाट्या रंगवायचे. गावातल्या निम्म्या दुकानांवर त्यांचं अक्षर आहे. ‘शुद्ध’ हा शब्द त्यांच्याइतका सुंदर कुणी काढला नसेल. त्यातल्या उकाराला ते असं काही वळण द्यायचे की दुकानदाराला स्वतःलाच माल शुद्ध असल्याची खात्री पटायची. मोठ्या अक्षरात लिहिलेल्या गोष्टीवर काकांचा लहान मुलासारखा विश्वास. शिडीवर असतानाच त्यांच्या छातीत कळ आली. ‘आनंद’मधला अनुस्वार राहिला होता. तो देऊन मगच उतरले. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. मावशीने त्या अनुस्वाराबद्दल त्यांना वर्षभर ऐकवलं.

रक्तवाहिनीत जाळी बसली, गोळ्या सुरू झाल्या, आणि दीड महिन्यात वाईट कोलेस्टेरॉल एकशे बासष्टवरून अठ्ठ्याऐंशीवर आलं. त्याच सुमारास मावशीने एक गोष्ट केली. तोवर घरात कारखान्यातला चेपलेला पिवळा डबा यायचा, तो कामगारांना मिळतो. आता ती दुकानात गेली आणि रांगेत उभी राहून पूर्ण किमतीचा लाल डबा घेऊन आली. बहुधा तिनेच लेबल लावलेला.

“अगं, तुला तर माहीत होतं ना, तेल एकच आहे?” मी तिला नंतर विचारलं.

“हाताला माहीत होतं रे,” ती म्हणाली. “पण यांना दवाखान्यातून घरी आणल्यावर हाताला कोण विचारतंय? हृदय दिसलं, उचललं.”

तर तो दिवस. जाळी बसल्यानंतर नवव्या महिन्यातली रक्ततपासणी. मीही सोबत गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिला.

“एकशे एकाहत्तर? काका, गोळी घेताय ना?”

“घेत होतो.”

“होतो म्हणजे?”

“म्हणजे चार महिने झाले, बंद केली.” काका अगदी प्रसन्न होते. “आता आम्ही हृदयवालं तेल वापरतो ना. कोलेस्टेरॉल अजिबात नाही त्यात. मग गोळीने काढायचं काय?”

मावशीने मांडीवरची पिशवी जमिनीवर ठेवली. हळू. आवाज आला नाही.

डॉक्टरीणबाई भल्या बाई. ओरडल्या नाहीत. “काका, कुठल्याच वनस्पतीच्या तेलात म्हणावं असं कोलेस्टेरॉल नसतं. शेंगदाण्याच्या नाही, सूर्यफुलाच्या नाही, मोहरीच्याही नाही. ते प्राण्यांच्या चरबीत असतं. तेलावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर ‘हाडं नाहीत’ लिहिण्यासारखं आहे. खरं आहे, पण उपयोग काय? तुमच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल बहुतेक तुमचं यकृतच बनवतं, आणि जादाचं उचलून आतही तेच घेतं. संपृक्त चरबी जास्त पोटात गेली की ते उचलायचं काम मंदावतं, मग वाईट कोलेस्टेरॉल रक्तात साठत राहतं. म्हणून तेल कुठलं आणि किती, हे बघायचं. तुमच्या डब्यात कुठलं तेल आहे?”

काकांनी मावशीकडे पाहिलं.

“पाम,” मावशी म्हणाली. “मागे लिहिलेलं असतं. मुंगीच्या अक्षरात.”

“त्यात जवळजवळ निम्मी संपृक्त चरबी. आणि डबा किती दिवस जातो?”

“आधी दीड महिना. आता महिनाच.” मावशीचा आवाज खाली गेला. “हे म्हणायचे, बटाट्याचे काप तळ, या तेलाने काही होत नाही.”

घरी आल्यावर मी दारातच रेंगाळलो. आत मावशी म्हणत होती, “लाज वाटत नाही? गोळी बंद करता, आणि मला सांगत नाही? रोज सकाळी पाण्याचा पेला हातात देत होते मी!”

“गोळ्या मी कुंडीत टाकत होतो,” काका म्हणाले. “तुला वाईट वाटू नये म्हणून.”

“मला वाईट? का?”

“लेबल तू लावतेस ना! तुझ्या हाताने लावलेलं खोटं कसं असेल?”

यानंतर ओट्यावर एक ताटली अशी टेकली की मला ऐकूच आली नाही. काका अनवाणी बाहेर आले.

आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो. खिडकीतून मावशीचा आवाज येत होताच. “अहो, जन्मभर ‘शुद्ध’ लिहिलंत! एका तरी दुकानदाराला विचारलंत, शुद्ध आहे का म्हणून?” काका मला म्हणाले, “हे मात्र खरं आहे रे. कधीच नाही विचारलं.”

दुसऱ्या दिवशी मावशी कारखान्यात साहेबांपुढे उभी राहिली. हा साहेब सदा हसतो. पगार कापतानाही हसतो.

“साहेब, सकाळच्या तेलात आणि दुपारच्या तेलात फरक काय?”

“ताई, ते चित्र आहे. आपण त्याला औषध म्हटलंय का? कोलेस्टेरॉल नाही, हे खोटं आहे का?”

“खोटं नाही, म्हणून तर जास्त राग येतोय. खोटं असतं तर तुम्हाला पकडता आलं असतं!”

साहेब हसला. मावशीने दुपारी लाल रोलला हात लावला नाही. तिला झाकणं दाबायच्या यंत्रावर पाठवलं, आणि लाल लेबलं दुसऱ्या बाईच्या हाती गेली. तिच्या लेबलांना सुरकुत्या पडतात. मावशी आता प्रत्येक लाल डब्याचं झाकण दाबताना पुटपुटते. “काय चाललंय, ताई?” साहेबाने एकदा विचारलं. “डबे मोजतेय,” मावशी म्हणाली. ती काय पुटपुटते ते शेजारच्या बायकांना ठाऊक आहे. ते इथे छापण्यासारखं नाही.

घरी गोळी आता मावशीच्या समोर गिळली जाते आणि तोंड उघडून दाखवावं लागतं. तेल दुसरं आलं, तेही चमच्याने मोजून. कापांचं नाव काढायचं नाही. तीन महिन्यांनी आकडा एकोणऐंशीवर आला. “मोठं काम गोळीचं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “पण तुमच्या चमच्याचीही मदत आहेच.” मावशी हसली नाही. “आणि गेले ते चार महिने?” तिने विचारलं. “तेवढ्यात आत काय साचलं असेल, ते कोण सांगणार?”

मग साहेबाने शेवटचा डाव टाकला. कारखान्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर जाहिरात रंगवायची होती. पुरुषभर उंचीचं हृदय, त्याखाली तेलाचं नाव. काम काकांना देऊ केलं. एवढी मोठी भिंत काकांना आयुष्यात मिळाली नव्हती. ते दोन रात्री झोपले नाहीत. कागदावर अक्षरांची वळणं काढत बसायचे. मावशी नुसती हळू भांडी ठेवत राहिली.

तिसऱ्या दिवशी काका साहेबाकडे गेले. मी बरोबर होतो.

“लिहितो,” काका म्हणाले, “पण आधी सांगा. हे तेल खाऊन हृदयाचं बरं होतं का?”

साहेब हसला. “काका, तुम्ही रंगारी. तुम्हाला काय करायचंय?”

“आजवर हेच म्हणत आलो,” काका म्हणाले, आणि ब्रशांची पिशवी उचलून निघाले.

भिंत दुसऱ्या कुणीतरी रंगवली. संध्याकाळी मावशी सुटली की काका तिला घ्यायला जातात, डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलंय म्हणून. घरी जायची वाट त्या भिंतीवरूनच आहे. रोज तिथे दोघं थांबतात.

“बघ, बघ तो उकार!” काका बोट रोखून म्हणतात. “कुणी शिकवलं याला? हृदयही डावीकडे कललंय मेल्याचं!”

“उकाराचं काय घेऊन बसलात!” मावशी ओरडते. “लोक वाचतायत ते!”

एक जण अक्षरांवर चिडलेला, एक जण मजकुरावर. येणारे-जाणारे बघतात. काल एक बाई थांबली, हातात लाल डबा. “काय झालं हो?” तिने विचारलं.

मावशीने तिच्या हातातला डबा घेतला, फिरवला, आणि मागच्या मुंगीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. “चष्मा आहे का जवळ?” ती म्हणाली. “नसेल तर हे वाचून दाखवतील. यांना मोठ्याने वाचायची सवय लागलीय हल्ली.”