लोकल आयडी चालत नाही

आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सकाळी सात वाजता होतं. आदल्या दिवशी दुपारी सोलापुरात तपासणी झाली. डोळ्यांत थेंब घातल्यामुळं त्यांना उजेड सोसत नव्हता, रिक्षातसुद्धा त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला होता. डॉक्टर म्हणाले, आता धुळीतून गावी वळसंगला जाऊ नका, पहाटे एसटी मिळेल न मिळेल, दवाखान्याच्या आसपासच राहा. मी बार्शीला शाळेत शिकवते, दोन दिवसांची रजा टाकून आले होते. माझ्या मुलीनं पुण्यातूनच ॲपवरून स्टेशनजवळच्या हॉटेलात खोली ठरवली. एकाच नावाची हॉटेलं गावोगावी असतात, त्यांतलं एक. "स्वच्छ असतं गं आई, बिनधास्त जा," म्हणाली.

स्वच्छ होतंच. काचेचं दार, पांढरी फरशी, काउंटरवर प्लॅस्टिकची फुलं. काउंटरमागं टाय लावलेला, पस्तिशीचा माणूस होता. मी फोनवरचं बुकिंग दाखवलं, दोघांची आधारकार्डं पुढं केली. त्यानं ती उलटीपालटी केली, आणि परत माझ्याकडं सरकवली.

"मॅडम, लोकल आयडी चालत नाही."

मला आधी कळलंच नाही. "लोकल म्हणजे?"

"दोन्हींवर जिल्हा सोलापूर आहे. पिनकोड चारशे तेरानं सुरू झाला की आमच्याकडं लोकल."

"अहो, मी बार्शीहून आलेय. दीड-दोन तास एसटीत बसून आलेय."

"बार्शी पण चारशे तेराच."

मी म्हटलं, असा कायदा कुठं आहे ते दाखवा. तो म्हणाला, कायदा नाही, हॉटेलची पॉलिसी आहे. मी म्हटलं, मग बुकिंग घेतलंच कसं? त्यावर तो म्हणाला, ते ॲपवाल्यांना विचारा.

मी ॲपवाल्यांना फोन लावला. बरीच बटणं दाबून झाल्यावर एक मुलगी हिंदीत बोलायला लागली. मी मराठीत सांगितलं, मग मोडक्या हिंदीत सांगितलं. ती प्रत्येक वाक्यानंतर "असुविधा के लिए खेद है" म्हणत होती. शेवटी म्हणाली, दुसऱ्या शहरातलं हॉटेल देऊ का? डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात आणि खोली दुसऱ्या शहरात! मी फोन ठेवला.

एवढ्यात एक तरुण जोडपं आलं, खांद्याला पिशव्या, तेलुगूत बोलत. त्यांची कार्डं हैदराबादची होती. पाच मिनिटांत चावी घेऊन ते लिफ्टमध्ये गेले. त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण आण्णांनी आयुष्यभर जे पिकवलं ते याच शहराच्या बाजारात विकलं, आणि राहायला मात्र तेच चालत नव्हते.

मी पुन्हा काउंटरवर गेले. त्यानं आवाज खाली केला, जणू माझ्यावर उपकारच करतोय.

"मॅडम, तुम्ही समजून घ्या ना. लोकल लेडीज-जेन्ट्स येतात, मग पोलीस आम्हाला त्रास देतात. तुमची आडनावं पण वेगळी आहेत."

"आडनावं वेगळी असणारच. माझं लग्न झालंय. हे माझे वडील आहेत."

"तसं सगळेच म्हणतात, मॅडम."

मी बावन्न वर्षांची आहे. आण्णा अठ्ठ्याहत्तर. माझ्या मागं सोफ्यावर ते डोळ्यांवर टॉवेल घेऊन बसले होते, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसतात तसे. माझे कान तापले. पंचवीस वर्षं वर्गात उभं राहून मी कुणावर कधी हात उगारला नाही, त्या क्षणी उगारला असता.

"काय म्हणतोय गं त्यो?" आण्णांनी विचारलं.

"काय न्हाय आण्णा. कागद बघतोय."

दुसरं काय सांगणार होते? जो शब्द तो बोलला नाही पण सुचवला, तो वडिलांना कसा सांगायचा?

मी त्याला म्हटलं, "तुम्ही आत्ता जे बोललात ते कागदावर लिहून द्या. खोली का देत नाही, ते कारण. खाली सही करा. मी जाते."

"लेखी आम्ही देत नाही."

"तोंडानं बोलायला लाज वाटली न्हाय, मग लिवायला का लाज वाटतीय?" शाळेतली भाषा कुठल्या कुठं गेली होती. आवाजही चढला होता. "मी हितनं हलणार न्हाय. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, त्यांच्याच समोर इचारते, बापलेकीनं एका खोलीत राहायचं न्हाय असं कुटं लिवलंय."

लॉबीत बसलेल्या दोघातिघांनी मोबाइलमधून माना वर काढल्या. मी आण्णांच्या शेजारी जाऊन बसले, पिशवी मांडीवर घेतली. अर्धा-पाऊण तास गेला असेल. दर तासाला घालायचे थेंब मी तिथंच त्यांच्या डोळ्यांत घातले. मान मागं टाकून, तोंड उघडं ठेवून ते बसले होते, आणि येणारेजाणारे बघत होते.

शेवटी वरच्या मजल्यावरून मॅनेजर उतरला. तो आमच्याशी बोलला नाही, काउंटरवाल्याशी बोलला. मग मला विचारलं, दवाखान्याचा काही कागद आहे का? मी भरतीचा फॉर्म दिला. त्यावर नातेवाइकाच्या रकान्यात माझं नाव होतं आणि पुढं "मुलगी" असं लिहिलेलं होतं. ते त्यानं बोट ठेवून वाचलं.

"ठीक आहे. स्पेशल केस म्हणून देतो. फक्त रेकॉर्डसाठी दोघांचा एक फोटो घ्यावा लागेल."

माफी नाही, चूक झाली असंही नाही. उलट स्पेशल केस. मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात आण्णा काठी टेकत उठले. फोटो म्हटल्यावर त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी सरळ केली, सदऱ्याची वरची गुंडी लावली आणि भिंतीपाशी ताठ उभे राहिले. उजेडानं त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. काउंटरवाल्यानं मोबाइल धरला. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्या दिवसातलं सगळ्यात अपमानाचं मला काही वाटलं असेल, तर ते. असं कितीतरी जणांना उभं केलं असेल त्यांनी, आणि ते फोटो कुठं ठेवत असतील?

खोली चांगली होती. घरून आणलेली भाकरी आम्ही कॉटवर वर्तमानपत्र पसरून खाल्ली. खिडकीतून स्टेशनातल्या गाड्यांच्या घोषणा ऐकू येत होत्या.

"त्यानं काय म्हणलं ते मी ऐकलंय," आण्णा एकदम म्हणाले. "माझा डोळा गेलाय की, कान न्हाय."

"मग तुमी गप का बसलात?"

"तू बोलत हुतीस की. आनी उद्या माझ्या डोळ्यात सुई घालणार. आज रगात तापवून काय करू?"

सकाळी सहाला निघताना तोच माणूस काउंटरवर होता. आण्णांनी त्याला हात जोडले, "चलतो बाबा, बरं झालं खोली दिलीस," म्हणाले. त्यानंही हात जोडले, आणि "ऑपरेशन चांगलं होऊ दे, काका," म्हणाला. रिक्षात बसल्यावर मी आण्णांवरच चिडले. आभार कशाबद्दल? आपल्या हक्काची खोली होती, बुकिंग होतं. ते म्हणाले, जाताना कुणाचं वाईट तोंड बघून जाऊ नये. मला ते पटलं नाही. आजही पटलेलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. पट्टी काढली तेव्हा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांनी तारखेसकट वाचलं. बार्शीला परत आल्यावर मी हॉटेलच्या कंपनीला सविस्तर तक्रार लिहिली, मराठीत, तारीख-वेळ घालून. दोन मिनिटांत उत्तर आलं, की तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मौल्यवान आहे. दोन मिनिटांत कुणी ती वाचलीसुद्धा नसणार.

स्टाफरूममध्ये हे सगळं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, बाकीच्याही चिडतील. एकजण म्हणाली, "त्यांचंही बरोबर आहे बाई, काय काय चालतं अशा हॉटेलांत." दुसरी म्हणाली, "पुढच्या वेळी भावाला घेऊन जा सोबत, म्हणजे प्रश्नच नको."

"बहीणभावाला तरी देतील का गं खोली?" मी विचारलं. "त्यांचीही आडनावं वेगळीच असतात."

ती हसली. मला हसू आलं नाही. तास व्हायला अजून पाच मिनिटं होती, तरी मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले.