मागेहात मास्तर

शाळेत मुलं मास्तरांना ‘मागेहात’ म्हणत. तोंडावर नाही, भिंतीआडून. पण भिंतीआडचं ज्याला ऐकू येत नाही तो मास्तर कसला? त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. वर्गात पाऊल टाकलं की त्यांचे दोन्ही हात पाठीमागे जायचे, डाव्या मुठीत उजवं मनगट, आणि तास संपेपर्यंत तिथेच राहायचे. फळ्यावर काही लिहायचं असलं तर तेवढ्यापुरता एक हात सुटायचा आणि काम झालं की निमूट परत जागेवर.

ही सवय काही जन्मापासूनची नव्हती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका आठ वर्षांच्या मुलीने झाडाचं पान काढलं होतं, वाकडं, पावासारखं फुगलेलं. मास्तर तेव्हा तरुण, अंगात उत्साह मावत नव्हता. त्यांनी तिच्या हातातली पेन्सिल घेतली, देठ सरळ केला, शिरा काढल्या, झकास पान करून दिलं. मुलीने ते बघितलं आणि वही त्यांच्याकडे सरकवली.

“सर, हे आता तुमचं झालं. मला नवा कागद द्या.”

एवढंच म्हणाली बिचारी, रागावलीसुद्धा नव्हती. पण मास्तरांना ते असं लागलं की त्या दिवसापासून हात मागे गेले ते गेलेच. मूल अडलं की ते जवळ जाऊन उभे राहत, वाकून बघत आणि विचारत, “पुढे?” मूल रडकुंडीला आलं तरी पेन्सिलीला हात नाही. एकदा एक आई भांडायला आली, “अहो, तुम्ही नुसते उभे राहता, जरा हात लावला तर झिजाल का?” मास्तर म्हणाले, “मी नाही झिजणार, बाई. मुलाचं शिकणं झिजेल.” बाई पुटपुटत गेली, पण पोरगं वर्षअखेर भागाकार करायला लागलं.

आणखी एक खूळ होतं त्यांचं. कुणी “मला जमत नाही” म्हटलं की मास्तर कानामागे हात नेल्यासारखी मान तिरकी करायचे. “शब्द गळला वाटतं एक?” मग सगळा वर्ग छप्पर उडेल अशा आवाजात ओरडायचा, “अजून!” की त्या मुलाने उठून नीट म्हणायचं, “मला अजून जमत नाही.” म्हणताना मूल लाजायचं, हसायचं आणि परत पेन्सिल उचलायचं. असं तीस वर्षं चाललं. कितीतरी पोरं त्या एका शब्दावर तरली.

घरी मात्र मास्तरांना कसलंच खूळ नव्हतं. घर बायकोचं होतं. ती शिंप्यांकडून कपडे आणून काजं-बटणं करून द्यायची. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर शर्टांचा ढीग, बोटाला सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान. काजाचा टाका असा की कापड फाटेल पण काज उसवणार नाही. मास्तर शाळेतून आले की कोपऱ्यातून हाक यायची, “अहो, दिवा लावा.” “अहो, सुईत दोरा ओवून द्या, तुमचे डोळे अजून बरे आहेत.” दिवसातून वीस वेळा अहो. मास्तर कधीकधी चिडायचे, “श्वास तरी घेऊ दे!” माणसाला आपण काय बोलून जातो ते तेव्हा कळत नाही.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी ती शर्ट मांडीवर घेतलेली तशीच खुर्चीत कलंडली. अर्धांगवायू. उजवा पाय हळूहळू काठीवर आला. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला, दुसऱ्या कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा. बोलणं शाबूत होतं, पण ती बोलेना.

मास्तरांनी शाळेकडून सकाळचा पहिला तास सोडवून घेतला आणि कंबर कसली. पहाटे उठून पाणी तापवायचं. तिला उठवायचं, तोंड पुसायचं, केस विंचरून वेणी घालायची. पहिल्या वेण्या अशा पडल्या की बघवत नव्हत्या, पण महिन्याभरात मास्तर वेणीत पटाईत झाले. मग समोरून बटणांचा गाऊन, पाच बटणं, वरून खाली. मग चमच्याने भरवायचं. तिने डावा हात चमच्याकडे नेला की हे आधीच, “असू दे, असू दे, मी आहे ना.” पाण्याकडे नजर गेली की पेला ओठाशी. उशीकडे मान वळली की उशी सरळ. शेजारीण दारातून बघून डोळे पुसायची आणि म्हणायची, “नशीब काढलं हो हिने.” मास्तर नको नको म्हणायचे, पण ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोला? लांब राहणारी मुलगी रविवारी फोन करायची. “बाबा, आई काय म्हणते?” “काही नाही म्हणत. काही म्हणायची वेळच मी येऊ देत नाही!” हे ते अभिमानाने सांगायचे.

खरं होतं ते. तिला हाक मारायला जागाच उरली नव्हती. दोन माणसांचं घर आणि दिवसभरात ऐकू काय यायचं, तर चमचा वाटीवर लागलेला. ती खिडकीकडे तोंड करून बसे. मास्तर तिला शाळेतल्या गमती सांगत, आपणच हसत आणि आपणच थांबत. कधी वाटायचं, वेणी घालताना ज्या डोक्याला आपण धरलंय ते फार लांब कुठेतरी आहे.

व्यायाम शिकवायला येणारी बाई दर आठवड्याला हात उचलून बघायची आणि तिचं तोंड उतरायचं. शेवटी एकदा ती मास्तरांना दारापर्यंत घेऊन गेली.

“हात काहीच करत नाही का दिवसभर?”

“तिला त्रास नको म्हणून मी सगळं...”

“सर, पहिले महिने मोलाचे असतात. नंतर होत नाही असं नाही, पण नंतर चढ फार लागतो. तो हात असाच राहिला तर असाच राहील.”

त्यावर मास्तरांनी काय करावं? आणखी सेवा. रोज दोनदा तेल लावून तो हात चोळायला लागले. हाताला वाटत असेल, चला, आता तर बसून तेलही मिळतंय.

त्याच आठवड्यात सातवीला मेंदूचा धडा होता. हा मास्तरांचा लाडका तास. व्हरांड्यात एक मोठी पत्र्याची परात ठेवायची, त्यात ओल्या वाळूची उतरण करायची आणि वरून तांब्याने पाणी सोडायचं. पहिलं पाणी कुठेही भरकटतं. दुसरं थोडं त्याच वाटेने जातं. दहाव्या तांब्याला वाळूत छान ओहोळ पडलेला असतो आणि पाणी न विचारता त्यातूनच पळतं. “बघा,” मास्तर म्हणायचे, “डोक्यात असंच होतं. पहिल्यांदा पाढा म्हणता तेव्हा भरकटता. पुन्हा पुन्हा म्हटलात की वाट पडते. हुशार म्हणजे कोण? ज्याने जास्त तांबे ओतले तो.”

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका चुळबुळ्या मुलीने मूठभर दगड आणून ओहोळात मधोमध टाकले. “सर, वाट बुजली तर?”

“बघा ओतून.”

तिने ओतलं. पाणी दगडाशी तुंबलं आणि वाळूत जिरून गेलं. पुन्हा ओतलं, पुन्हा जिरलं. मुलं अधीर झाली. मास्तरांचे हात पाठीमागे घट्ट. मग त्या चुळबुळीला युक्ती सुचली. तिने तुंबलेलं पाणी पेल्यात भरून घेतलं, दगडांच्या पलीकडे नेलं आणि खालच्या ओहोळात ओतलं. पाणी सरसर खाली गेलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या.

“पोचलं, सर! पोचलं!”

मागच्या बाजूला खांबाला टेकून एक अबोल मुलगी उभी होती. ती म्हणाली, “पोचलं. पण वाट कुठे पडली? ही उद्या आली नाही तर?”

मास्तर परातीकडे बघत राहिले. पेला मुलीच्या हातात होता, त्यातून पाणी ठिबकत होतं. मुलांना वाटलं, सर नेहमीसारखे मुद्दाम गप्प आहेत. पोरांनी आपलं काम चालू ठेवलं. ओतत राहिली. कितव्या तरी तांब्याला दगडाच्या कडेने पाण्याची एक बारीक, वाकडीतिकडी रेघ फुटली, परातीच्या काठावरून थोडी सांडली आणि खाली जाऊन जुन्या ओहोळाला मिळाली. पोरं नाचली. मास्तर खुर्ची ओढून बसले. तासाला खुर्चीवर बसलेले मास्तर त्या मुलांनी पहिल्यांदाच बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गाऊन आणून तिच्या मांडीवर ठेवला, बाह्या घालायला मदत केली आणि दोन पावलं मागे सरकून उभे राहिले. हात पाठीमागे.

ती वाट बघत राहिली. मग तिने वर बघितलं.

“काय झालं?”

“बटणं लाव.”

“कशाने?”

“दोन्ही हातांनी.”

तिने त्यांच्याकडे असं बघितलं, जणू घरात परका माणूस शिरलाय. डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने बटणावर ठेवला. तो घसरून मांडीवर पडला. पुन्हा ठेवला. पुन्हा पडला. जिने आयुष्यभर परक्यांच्या शर्टांना हजारो काजं करून दिली, तिला स्वतःचं एक बटण काजात जाईना. तिचे डोळे भरले.

“मला नाही जमत.”

मास्तरांची मान सवयीने तिरकी होऊ लागली. तिने ते बरोबर पकडलं.

“खबरदार तुमचं ते ‘अजून’ म्हणालात तर! मी काही सातवीत नाही.”

“नाही म्हणत.”

थोड्या वेळाने ती खालच्या आवाजात म्हणाली, “कंटाळलात ना माझा?”

मास्तरांना परात सांगायची होती, दगड सांगायचे होते, ती खांबाला टेकलेली मुलगी सांगायची होती. तोंडातून निघालं एवढंच, “नाही गं.” आणि तेवढ्याने काही कुणाला खरं वाटत नाही. त्यांनी पाठीमागे मनगट असं आवळलं की बोटांचे वळ उठले. एक पाऊल पुढे टाकलं असतं, पाच बटणं लावली असती, की सगळं कालच्यासारखं झालं असतं.

त्या दिवशी तिने उघड्या गाऊनवर शाल ओढून घेतली आणि दिवसभर खिडकीकडे तोंड करून बसली. जेवताना डाव्या हाताने सांडत जेवली, उजवा हात वाटीला नुसता टेकवून. मास्तर समोर बसून आपल्या हातांचं काय करावं ते शोधत होते. शेजारीण डोकावली, शाल बघितली, सांडलेलं बघितलं आणि मास्तरांकडे अशी नजर टाकून गेली की सगळी पुण्याई एका दिवसात धुऊन गेली. रविवारी मुलीचा फोन आला तर त्यांना सांगता येईना. “सगळं ठीक,” म्हणाले.

दुसरा दिवस तसाच. तिसरा तसाच. आता वेणीही नव्हती; मास्तर फणीलाही हात लावत नव्हते आणि ती केस डाव्या हाताने कशीबशी मागे सारायची. मास्तरांची पहाट रिकामी झाली. चार महिने त्यांना वाटत होतं, आपण तिच्यासाठी उठतोय. आता कळलं की केस विंचरतानाचा तो अर्धा तास हाच त्यांचा दिवसातला एकमेव सहवास होता. तोही त्यांनी स्वतःच्या हाताने काढून घेतला होता. पाणी तापलं की ते स्वयंपाकघरात उभे राहून त्याची वाफ बघत. फणीवर तिचे दोन पांढरे केस अडकले होते. ते त्यांनी काढले नाहीत.

सहाव्या सकाळी ते तिच्या समोर रोजच्यासारखे उभे होते. वरची दोन सोडून तिने मधलं बटण डाव्या हाताच्या चिमटीत धरलं होतं. उजवा अंगठा काजाच्या कडेला टेकला होता, थरथरत, पण टेकलेला. पडत नव्हता. मास्तरांचा श्वास अडकला. तिने तो ऐकला. बटण सुटलं. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि जुन्या, कोपऱ्यातून यायच्या त्या आवाजात म्हणाली,

“अहो!”

चार महिन्यांनी. मास्तरांना वाटलं, आपल्याला भास झाला.

“काय? काय हवंय?”

“दार लावा.”

ते धावत गेले, दार लावलं आणि परत येऊन उभे राहिले.

“असं नव्हे. तुम्ही बाहेर राहून लावा. छातीवर उभं राहून कुणी शिकतं का? तीस वर्षं मुलं कशी शिकली तुमच्याकडे, देव जाणे.”

मास्तर बाहेर गेले. दार ओढून घेतलं, कडी घातली नाही. दारापाशीच स्टूल होतं, त्यावर बसले. आत काठी जमिनीवर पडल्याचा आवाज झाला, ते अर्धे उठले आणि बसले. मग ती स्वतःच्या हाताला शिव्या देताना ऐकू आली, ठेवणीतल्या, शिंप्यांनी कापड खराब कापलं की द्यायची त्या. मास्तरांना हसू आलं. हसायला शेजारी कुणी नव्हतं.

आत जायची मुभा नव्हती. शाळेला उशीर होत होता. दुसरा तास त्यांचा होता, मुलं वाट बघत असतील. तरी ते उठले नाहीत. भिंत पाठीला गार लागत होती. बऱ्याच वेळाने त्यांच्या लक्षात आलं की मनगट दुखतंय. समोर रिकामा बोळ होता, बघायला चिटपाखरू नव्हतं, आणि त्यांचे दोन्ही हात पाठ आणि भिंत यांच्यामध्ये घट्ट दाबलेले होते.

आत बटण पुन्हा सुटलं. ती म्हणाली, “हं. परत.”