पट्टीला आलेला बाक

मामा शिंपी. त्यांच्या शिवणीवरून मुंगी सोडली तर बिचारी वळायचं विसरेल, अशी त्यांची ख्याती. त्या मामांनी एके सकाळी लाकडी पट्टी खिडकीशी उभी धरली आणि निकाल दिला, "हिला बाक आलाय. दमट हवा, दुसरं काय!"

नवी, स्टीलची पट्टी आली. संध्याकाळपर्यंत तीही वाकली.

"हल्लीचं स्टील म्हणजे नुसता पत्रा!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," काज करता करता मामी म्हणाली. "बीपीची गोळी घेतलीत?"

"चक्कर नाही, डोकं दुखत नाही. गोळी काय शेजाऱ्यासाठी घेऊ?"

"आणि शुगरची?"

"बिनसाखरेचा चहा पितोय ना! एका गुन्ह्याला दोन शिक्षा?"

पट्टीवर भरवसा उरला नाही, म्हणून पुढची पँट मामांनी नजरेच्या अंदाजाने बेतली. गिऱ्हाईक ती घालून आरशासमोर उभं राहिलं.

"शिंपीदादा, माझा डावा पाय कुठे निघालाय?"

"नीट उभे राहा. तुम्हीच कलताय."

मामी उठली. तिने रिळाचा दोरा कमरेपासून खाली सोडला आणि ताणून धरला. शिवण गुडघ्याशी दोऱ्याला सोडून बाहेर गेली होती. मामांना मात्र शिवण सरळ दिसत होती आणि दोरा वाकडा.

त्यांनी एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्याने दोरा सरळ. डाव्याने वाकडा.

"ताणलेल्या दोऱ्याला बाक कसा येईल?" ते हळूच म्हणाले. गिऱ्हाईकही हसलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. "शुगर आणि बीपीमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतायत. सूज आलीय, म्हणून रेषा वाकते. उजव्यातही सुरुवात आहे."

"पण दुखलं नाही हो कधी!"

"दुखलं असतं तर लवकर आला असता."

"माझी कात्री?"

"डोळ्यात इंजेक्शनं देऊ. शुगर-बीपी तुम्ही सांभाळा. आहे ते राखायचा प्रयत्न करू. गेलेलं सगळं परत येईलच, असं नाही."

आता कात्री मामीकडे आहे. तिने आखलेल्या खडूच्या रेषेवर, उजव्या डोळ्याच्या भरवशावर, मामा मशीन चालवतात. सकाळी गोळ्या झाल्या की उजवा डोळा झाकून तीच जुनी पट्टी खिडकीशी धरतात.

"अहो, काय म्हणतेय?"

"बाक आहे. कालच्याइतकाच."

"मग बसा मशीनवर."