उजवा गाल, डावा गाल

उल्काच्या मानेला एकच दिशा ठाऊक होती: खाली आणि जराशी पुढे. सव्वीस वर्षं ती मान मायक्रोस्कोपवर वाकली होती. इंग्लंडमधल्या रीडिंगजवळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बायकांच्या तपासणीच्या काचपट्ट्या बघायचं काम. एका पट्टीवर हजारो पेशी, सगळ्या निमूट, सगळ्या सारख्या. त्यातून एखादी बिघडलेली शोधायची. मग चाचणीची पद्धत बदलली, लॅब एकत्र झाल्या, एका शुक्रवारी केक कापला आणि उल्का घरी आली. मान मात्र तशीच राहिली. बागेतल्या टोमॅटोकडेही ती वाकून, एक डोळा बारीक करून बघायची.

"काही सापडलं तर सांग," चंद्रशेखर खुर्चीतून म्हणायचे. "मी भूल देतो, तू काप."

ते निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर लोकांना झोपवलं, पण बायकोला दुपारची डुलकी घेऊ देतील तर शपथ.

घरात सिंह आले ते अनुष्कामुळे. अनुष्का म्हणजे उल्काच्या मैत्रिणीची मुलगी, इथेच जन्मलेली, ब्रिस्टलच्या युनिव्हर्सिटीत सिंहांच्या कळपांवर पीएचडी करणारी. मंडळाच्या गणपतीत हातात मसालेभाताची प्लेट घेऊन ती शेजारी येऊन बसली.

"मावशी, सिंहाचं मिशी जवळून बघितलंय कधी?"

"नाही गं. जवळून बघणारे परत येऊन सांगत नाहीत."

"फोटोत बघाल?"

तिने तिथेच फोनवर दाखवलं. सिंहाच्या मिशांच्या मुळाशी काळे ठिपके असतात. खाली भरगच्च ओळ, तिच्यावर दोन-चार सुटे. ते सुटे ठिपके खालच्या कुठल्या ठिपक्यांच्या डोक्यावर येतात, ही मांडणी प्रत्येक जनावराची वेगळी. एकाच जनावराच्या डाव्या आणि उजव्या गालावरचीसुद्धा वेगळी. झांबियातल्या ज्या राखीव जंगलाचा अनुष्का अभ्यास करत होती, तिथे दर कळपात एखाद-दुसरीच्या गळ्यात पट्टा होता, तो उपग्रहामार्फत ठावठिकाणा कळवायचा. बाकीच्यांना ओळखायचं ते या ठिपक्यांवरून. फोटो झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यांचे आणि पर्यटकांनी पाठवलेले. कोणता सिंह कुठे दिसला हे कळलं की कळपाची हद्द नकाशावर पुढेमागे सरकवायची.

"काँप्युटर नाही का करत हे?"

"करतो. पण अर्ध्या वेळा चुकतो. माणसाची डोळे लागतात."

"माणसाचे डोळे."

"तेच ते. तुमचं डोळे."

उल्काला हसू आलं. सहा महिन्यांनी कोणीतरी तिच्या डोळ्यांबद्दल बोललं होतं, आणि ते चष्म्याचं दुकान नव्हतं.

त्याला आता चार वर्षं झाली. जेवणाच्या टेबलाचं एक टोक सिंहांनी बळकावलं होतं. तिथे काचेखाली नकाशा: नदीच्या उत्तरेचा कळप हिरवा, दक्षिणेचा तांबडा. एका कोरड्या हिवाळ्यात तांबडा फुगला आणि हिरवा आक्रसला, तेव्हा ती आठवडाभर कुणाशी नीट बोलली नव्हती. जनावरांना आकडे होते, पण उल्काने आपल्यापुरती नावं ठेवली होती. उत्तरेची चौदा नंबरची सिंहीण म्हणजे थोरली. कानाला खाच, चालीत घाई नाही, आणि गेल्या चार महिन्यांपासून मागे तीन पिल्लं.

अलीकडे मात्र उल्का थकली होती. दिवसाला चाळीस फोटो, मानेत कळ, डोळ्यांपुढे जेवतानासुद्धा ठिपके. पोह्यांतली मोहरी ती मोजायला लागली, तेव्हा चंद्रशेखर म्हणाले, "आता पुरे कर. एक राजीनामा झाला, दुसरा दे."

"देते. हा मोसम संपू दे."

मग तो बुधवार आला. दुपारचे तीन वाजले होते. चंद्रशेखर वेम्बलीला मेथी आणि हापूस आणायला गेले होते. अनुष्काचा फोन आला.

"मावशी, तुमचं आयडी, ती ओळख, जंगलाच्या वॉर्डनने खरं धरलं. उद्या पहाटे पकडणार तिला."

"कुणाला?"

"चौदा नंबर. ते गावाजवळचं फोटो तुम्ही बघितला ना? त्या आठवड्यात गावातल्या चार गाई मारल्या. तिथल्या लोकांनी सांगितलं, आता हलवा नाहीतर आम्ही बघतो. मग बेशुद्ध करून दूरच्या कुंपणात नेणार."

"आणि पिल्लं?"

"पिल्लं सापडली तर नेतील. पण ती लपवून ठेवते ना. नाही सापडली तर... चार महिन्याचं पिल्लू एकटं नाही जगत, मावशी."

फोन ठेवल्यावर उल्का नकाशाकडे वळली. तिच्याच हाताने तिने परवा हिरवी रेघ नदीपलीकडे, गावापर्यंत ओढली होती. तिला तो फोटो आठवत होता. संध्याकाळचा पस्तिसावा. वरच्या ओळीतला एक ठिपका जुळत नव्हता, कोपऱ्यात जास्तीचा होता. चिखल असेल, असं म्हणून तिने सही ठोकली होती. लॅबमध्ये पहिल्या दिवशी शिकवलेला नियम होता: शंका आली की स्वतःशी वाद घालायचा नाही, पट्टी वर पाठवायची. सव्वीस वर्षांत तो तिने मोडला नव्हता. सिंहिणीच्या वेळी मोडला, कारण मान दुखत होती आणि कुकरची शिट्टी झाली होती.

चंद्रशेखर पिशव्या सांभाळत आले ते बोलतच. "त्या ईलिंग रोडवर पार्किंग म्हणजे, गाडी लावायला गेलो आणि एक बाई... काय झालं? तोंड का असं?"

तिने सांगितलं. ते मेथीची जुडी हातात धरून उभेच राहिले.

"दूध पाजणारी आहे? वजन कोणी घेतलंय? की बघून अंदाजे सुई मारणार?"

"अहो, मला ते काय माहीत."

"फोटो दाखव."

"तुम्हाला काय कळतंय ठिपक्यांतलं."

"मला नाही कळत. म्हणून तर दाखव."

उल्का नेहमी फोटो कापून घ्यायची. नाकापासून गालापर्यंत तेवढाच चौकोन, बाकी सगळं बाहेर. जनावराच्या आजूबाजूचं जग तिने चार वर्षांत पाहिलेलंच नव्हतं. लॅबमध्येही पेशी बघायच्या, बाई कोण ते नाही. आज तिने पहिल्यांदा अख्खा फोटो उघडला. उघड्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसलेला एक पर्यटक, पुढे पाठ करून, दात काढून. त्याच्या खांद्यामागे ड्रायव्हर, आणि बॉनेटच्या बाजूला, अगदी जवळ, सिंहीण मान वळवून बघतेय.

"मूर्ख आहे," चंद्रशेखर म्हणाले. "सिंहाकडे पाठ करून सेल्फी."

"हं."

"आणि गाडी कुठली म्हणालीस? झांबिया ना? तिकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. मी आणि भिडे गेलो होतो कॉन्फरन्सला, भिडे चालवत होता, देवाची कृपा म्हणून परत आलो."

"मग?"

"मग स्टिअरिंग डावीकडे कसं?"

उल्काने चष्मा कपाळावर सरकवला आणि परत खाली घेतला. ड्रायव्हर खरंच डावीकडे बसला होता. त्याच्या टोपीवर काहीतरी लिहिलेलं होतं. तिने ते मोठं केलं. अक्षरं उलटी होती, आरशात दिसावीत तशी.

"सेल्फीचा कॅमेरा," ती हळूच म्हणाली. "उलटा घेतो तो. अहो, हा उजवा गाल नाहीच. डावा आहे."

चंद्रशेखर खाली बसले. मेथी नकाशावर ठेवली. एरवी तिने ती उचलायला लावली असती.

तिने फोटो सुलटा केला. डाव्या गालांची यादी उघडली. उत्तरेच्या एकाही सिंहिणीशी जुळेना. मग दक्षिणेच्या. एक, दोन, सहा. नवव्या नंबरला ती थांबली. वरच्या ओळीत तीन ठिपके, चौथा कोपऱ्यात. चिखल नव्हता तो. तांबड्या कळपातून वर्षापूर्वी बाहेर पडलेली तरणी सिंहीण, एकटी, पिल्लं नाहीत. थोरली नदी ओलांडून गेलेलीच नव्हती.

"कर फोन," चंद्रशेखर म्हणाले.

"करते." पण तिचा हात टेबलावरच राहिला. "सगळे पर्यटकांचे फोटो परत तपासावे लागतील. चार वर्षांचे. माझ्या सहीचे."

"किती?"

"सहाशे अडतीस."

"पाठ आहे?"

"सह्या माझ्या आहेत."

त्यांनी फोन तिच्यापुढे सरकवला आणि गॅसवर चहाचं आधण ठेवायला गेले. पाठ करून उभे राहिले, म्हणजे तिला बोलता यावं.

अनुष्का मीटिंगमध्ये होती, तरी तिने उचलला. उल्काने आडपडदा न ठेवता सांगितलं, पहिल्या वाक्यात: "मी चुकले." उलटा फोटो, नऊ नंबर, आणि तो ठिपका. "मला शंका आली होती अनुष्का. मी ती गिळली."

पलीकडून की-बोर्डचा आवाज आला.

"मी आत्ता वॉर्डनला कॉल करते. तिकडे पाच वाजून गेलेत. मावशी, तुम्हाला माहितीये ना मग काय होतं? म्हणजे आता तुमची एकटीची सही नाही चालणार. प्रत्येक फोटोला दुसरा माणूस लागेल."

"लागायलाच हवा. लॅबमध्ये होताच की."

"आणि आपल्याकडे दुसरा माणूस नाहीये."

"ते बघू. तू आधी फोन कर बाई."

रात्रीचं जेवण दोघांनी उरकलं. मोहरी कोणी मोजली नाही. सकाळी आठला अनुष्काचा फोन आला. आवाज जागरणाचा होता.

"थांबवलं. गाड्या निघाल्या होत्या, परत बोलावल्या. चौदा नंबर काल संध्याकाळी नदीच्या अलीकडेच दिसली, पिल्लं बरोबर."

"तिन्ही?"

"तिन्ही."

उल्काने खुर्ची ओढली आणि बसली. मग जे विचारायचं नव्हतं ते विचारलं. "आणि नऊ?"

"गावाला आधी काट्याचं पक्की कुंपण देणार. महिनाभर बघणार. परत गाय मारली तर मग तिला हलवतील. तिच्या मागे पिल्लं नाहीत ना, म्हणून सोपं."

"सोपं," उल्का म्हणाली.

"मावशी, तुम्ही बरोबर केलंत."

"चुकीचं केलं होतं ते बरोबर केलं. त्यात काय."

तिने फोन ठेवला. काचेखालचा नकाशा बाहेर काढला, नदीपलीकडची हिरवी रेघ खोडरबराने पुसली. कागद जरा खरबरीत झाला, हिरवट डाग राहिलाच. गावाशेजारी तिने तांबडा ठिपका दिला, बारीक, आणि त्यावर बोट ठेवलं. एकीला सोडवलं होतं, दुसरीकडे बोट दाखवलं होतं. या नऊ नंबरला तिने कधी नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

मग लॅपटॉप उघडला. सहाशे अडतीसातला पहिला. मान आपोआप खाली गेली, कळ आली, तिने ती तशीच येऊ दिली. चौकोन कापायला हात गेला होता, तो मागे घेतला.

"अहो."

"काय?"

"इकडे या. चष्मा घेऊन."

"मला त्या ठिपक्यांतलं काही कळत नाही, तूच म्हणालीस."

"ठिपके मी बघते. तुम्ही बाकीचं बघा. गाडी, टोप्या, पाट्या, काय असेल ते."

चंद्रशेखर कुरकुरत आले, शेजारची खुर्ची ओढली, चष्मा पुसला. लांबून एम फोर महामार्गाची घरघर येत होती. त्यांनी पडद्याकडे वाकून बघितलं, तेही तिच्यासारखंच, एक डोळा बारीक करून.

"स्टिअरिंग उजवीकडे," ते म्हणाले. "पण काय लावलीय गाडी, अर्धी खड्ड्यात."

उल्काने वहीत खूण केली, आणि तिच्या खुणेशेजारी त्यांच्यासाठी एक जागा मोकळी ठेवली.

"इथे सही करा. पुढचा."