कपाळाचा डाव

सदर इसमाचे नाव शिवदास काळूराम म्हात्रे, वय वर्षे एकसष्ट, राहणार पेण तालुक्यातील खाडीकाठचे गाव, पूर्वीचा धंदा मिठागरातील मजुरी. ओळखीची खूण : दोन्ही मुठींचे कातडे निबर. अंगभूत कला : हातमोज्यांशिवायचे मुष्टियुद्ध. सदर कलेत इसम अपराजित आहे.

ही कला त्याला गावातल्या एका म्हाताऱ्या खलाशाने शिकवली. जुने इंग्लिश मुष्टियोद्धे कातडं निबर व्हावं म्हणून मुठी खाऱ्या पाण्यात मुरवत. शिवदासला मिठागरात त्याच कामाचा पगार मिळाला. त्या इंग्लिशांच्या काळी माणूस पडला की फेरी संपे, आणि अर्ध्या मिनिटात उठून मधोमध आखलेल्या रेघेपाशी आला नाही तर तो हरला. मूठ उभी धरायची, मारायचं ते बरगडीखाली. डोक्यावर शक्यतो नाही, कारण कवटीपुढे बोटांची हाडं टिकत नाहीत. मोजे आले ते हात वाचवायला. डोक्यावरचा मार त्यानंतर वाढला. हे सगळं तो बायकोला, नीराबाईला, पस्तीस वर्षं सांगत आला. ती मासे साफ करता करता हूं म्हणत आली.

मग गावात धर्मा राहायला आला. पन्नाशीचा, एकटा, पनवेलच्या व्यायामशाळेत बॉक्सिंग शिकलेला. त्याने समाजमंदिरात बायकांचा वर्ग काढला आणि नीराबाई पहिल्याच दिवशी नाव घालून आली. घरी ओट्यासमोर पावलं टाकू लागली. धर्मादादा म्हणतो, खांदा सैल ठेवा. शिवदास म्हणाला, खांद्याचं मी लग्नापासून सांगतोय.

"तुमी सांगता," ती म्हणाली. "त्यो शिकवतो."

वर्गाच्या दिवशी ती केसांना तेल लावते, हे त्याच्या लक्षात आलं. भाजीवाला उलट्या दिशेला असूनही शिवदासचा कोथिंबिरीचा रस्ता समाजमंदिरावरून जाऊ लागला.

एका गुरुवारी तो आतच शिरला. धर्माला म्हणाला, मोजे काढ आणि मार मला. धर्मा वयाचा मान ठेवून नको म्हणाला.

"मोजं काढलं की हात बायकांचं होतान काय रं?"

"बायकांचं हात दाखवू काय, काका?" मागून किशोरीने विचारलं. ती वर्गातली सगळ्यात धाकटी.

बायका हसल्या. नीराबाईही हसली, आणि शिवदास जागचा हलेना. शेवटी धर्माने मोजे काढले आणि विषय मिटवायला जबड्याच्या रोखाने एक ठोसा टाकला. शिवदासने जुना डाव केला : हनुवटी छातीला टेकवली आणि कपाळ पुढे दिलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. धर्माच्या करंगळीमागचं हाड गेलं. शिवदासने हात उचललासुद्धा नव्हता.

प्लास्टर सहा आठवड्यांचं, तेही उजव्या हाताला. नीराबाई रोज दुपारी धर्माकडे डबा नेते आणि समोर बसून त्याला बोई माशाचे काटे काढून देते. माझे काटे कोण काढणार, असं शिवदासने एकदा विचारलं.

"तुमचं हात धड हाईत," ती म्हणाली.

शिवदास दुपारी एकटा जेवतो.