सात नंबरच्या बंद व्हिलात

या ग्रुपवर मी वर्षभर नुसती वाचत आलेय, आणि खरं सांगायचं तर हसतही आलेय... आमच्या घरी हे बाहेरचं-बिहेरचं मानायची पद्धतच नाही. मी इंदूरची, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. कोणी काही सांगितलं की आधी त्यातली चूक शोधायची, हा माझा धंदाच. पण मागच्या फेब्रुवारीत जे झालं, त्यातली चूक मला अजून सापडलेली नाही.

आम्ही तिघं गेलो होतो – मी, माझा नवरा मंदार आणि पाच वर्षांची इरा. इंदूरकरांना समुद्राचं केवढं कौतुक असतं, आणि इराने तर तो पाहिलाच नव्हता. सकाळच्या फ्लाइटने पुणे, तिथून गाडीने गुहागरच्या पुढे. रिसॉर्टचं नाव लिहीत नाही, त्यांची काही चूक नव्हती. आठ पांढऱ्या व्हिला, निळे दरवाजे, मुलांसाठी उथळ पूल, वाळूचा हौद, झोपाळे. मागे सुरूची झाडं, मग कंपाउंडची भिंत, भिंतीत एकच फाटक, आणि फाटकाबाहेर लगेच समुद्र. आम्ही तीन नंबरच्या व्हिलात होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारचे चार वाजले असतील. मंदार आत झोपला होता, इरा हौदात बादली घेऊन खेळत होती. मला ऑफिसचा फोन आला. नेटवर्क फक्त व्हिलाच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात यायचं, म्हणून तिकडे गेले. सात-आठ मिनिटं... जास्त नाही. परत आले तर बादली होती, इरा नव्हती.

फाटक उघडं होतं. वाळूत छोटी छोटी पावलं, सरळ पाण्याकडे गेलेली. ओल्या वाळूपर्यंत दिसत होती... पुढे पाणीच. भरती लागली होती.

मी कशी ओरडले मला आठवत नाही. मंदार तसाच धावत आला आणि कंबरेइतक्या पाण्यात शिरला. लाइफगार्ड शिट्ट्या मारत होता. मॅनेजर सावंत सगळा स्टाफ घेऊन किनारा धुंडाळत होते. अशी पस्तीस मिनिटं गेली. त्या पस्तीस मिनिटांबद्दल मी कोणाशी बोलत नाही, इथेही नको.

मग बागकाम करणाऱ्या शेवंताबाई आतून धावत आल्या. "ताई, सात नंबरात कोणतरी काच वाजवतंय!"

"सात नंबर बंद आहे हो," सावंत म्हणाले. "पंधरा दिवस झाले, पॉलिशचं काम चाललंय, आज तर कामगारही नाहीत. किल्ली माझ्याकडे."

"अरे भिया, चाबी काढो ना!" मंदार किंचाळला. घाबरला की तो थेट इंदुरी हिंदीवर जातो.

सावंतांनी आमच्यासमोर कुलूप उघडलं. आत सोफ्यावर इरा बसली होती. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, केस पुसलेले. तिचा फ्रॉक पिळून वरती पडद्याच्या दांडीवर टाकलेला – मंदारलासुद्धा टाचा उंचावून काढावा लागला – आणि त्यातून अजून थेंब पडत होते.

मी तिला उचललं आणि खालीच बसले.

"मम्मा, तू ओरडू नको ना," ती म्हणाली. "मावशीने डांटलं मला ऑलरेडी."

"कोणती मावशी, बेटा?"

"चश्मेवाली. तिने मला पाण्यातून खींचलं. म्हणाली, ऐ छोरी, आई कुठंय तुझी? इथे चुपचाप बैस, हलू नको. मी आणते तिला."

छोरी! तिथे गुहागरला छोरी कोण म्हणणार? आमच्याकडे इंदूरला ठीक आहे, भाजीवालीपासून सगळ्याच म्हणतात.

"आणि काच तू वाजवलीस?" मंदारने विचारलं.

"नाही. मावशीने हलू नको म्हटलं होतं ना."

खिडक्या सगळ्या आतून बंद होत्या. मंदारने स्वतः एकेक बघितली. मागच्या दाराला आतून कडी. जमिनीवर पॉलिशची बारीक धूळ, आणि त्या धुळीत आत्ता शिरलेल्या आमच्याशिवाय कोणाचंच पाऊल नाही, इराचंसुद्धा. फाटकावरच्या कॅमेऱ्यात इरा एकटी बाहेर जाताना दिसते. आत येताना दिसतच नाही. नंतर सावंतांनी रिसॉर्टमधल्या सगळ्या बायकांना बोलावलं, पाहुण्यांनाही. इराने प्रत्येकीकडे नीट पाहून मान हलवली. "ही नाही."

त्याच संध्याकाळी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, सगळं ठीक होतं. थोडं पाणी नाकातोंडात गेलं असेल म्हणाले. मग तिचा दंड उजेडात धरून विचारलं, "हिला कोणी ओढलं का? चांगलं घट्ट धरलेलं दिसतंय." चार बोटांचे लाल वळ होते, मोठ्या माणसाच्या बोटांचे. मी माझी बोटं ठेवून बघितली. वळ माझ्या बोटांपेक्षा लांब होते.

दुसऱ्या दिवशी निघालो. मंदार पक्का इंजिनीअर, देवळाला गेलो तरी बाहेर गाडीत बसून राहणारा. सामान ठेवून झाल्यावर तो सात नंबरच्या पायरीशी गेला, चप्पल काढली आणि हात जोडून उभा राहिला. गाडीत बसताना म्हणाला, "काही बोलू नकोस." मला रडू येत होतं, पण ते सुटल्याचं रडू होतं.

घरी आल्यावर मी रीतसर लिस्ट केली. दुसरी किल्ली? एकच होती. कोणी पाहुणी मदत करून निघून गेली? मग बंद घरात ठेवून का गेली, आणि स्वतः बाहेर कशी पडली? कॅमेरा मध्येच बंद पडला? मग बाकीची माणसं कशी दिसतात? आणि धूळ? प्रत्येक ओळीपुढे प्रश्नचिन्हच राहिलं. इंदूरच्या आमच्या ओळखीत, नात्यात तशी चश्मेवाली कोणी गेलेलीही नाही. सगळे जुने अल्बम इराला दाखवून झाले.

तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर सांगा. नाही सुचलं तरी माझं काही अडलेलं नाही. ती कोणीही असो, मी ऑफिसच्या फोनवर होते तेव्हा ती माझ्या मुलीजवळ होती... रागावली, पुसलं, बसवलं आणि मला आणते म्हणाली. आणलंही.

इरा आतून तिसऱ्यांदा हाक मारतेय. जाते.